गुरुवायूरचं झटपट लग्न

नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचं लग्न केरळात, गुरुवायूरला होतं. विमानानं कोची गाठता आली असती. पण आम्ही ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस धरली. कोकण रेल्वेचे बोगदे आणि नद्या दिवसाउजेडी बघायचा माझा हट्ट. त्रिशूरहून पुढे गुरुवायूर साधारण 30 किलोमीटर.

अंतरपाट, मंगलाष्टकं, रुखवत यांची सवय असलेल्या मला इथला वेग झेपेना. कृष्णमंदिरासमोर मंडप, एक लग्न लागतंय तोवर पुढचं जोडपं नटून तयार. नादस्वरम घुमलं, ताली म्हणजे मंगळसूत्र बांधलं, तुळशीच्या माळा पडल्या, नवऱ्यानं नवरीला वस्त्र दिलं.

“अगं, झालं?” ह्यांनी विचारलं.

झालं होतं. चिंगम या मल्याळी महिन्यात मुहूर्तांची झुंबड असते. 8 सप्टेंबर 2024 रोजी इथे एका दिवसात तीनशेहून अधिक लग्नं लागली.

जेवण मात्र निवांत. केळीच्या पानाचं निमुळतं टोक डावीकडे. लोणची, केळ्याचे वेफर्स, खोबरेल तेलाच्या वासाचं, नारळ घातलेल्या भाज्यांचं अवियल, कोहळ्याचं ओलन, मग भातावर तूप आणि परिप्पू म्हणजे वरण, पुन्हा भात नि सांबार, नंतर पायसम. कांदालसणाचा वासही नाही. नारळ तर आमच्या कोकणातही मुबलक, पण अवियलसमोर मी हार मानली.

तुम्ही गेलात तर देवळासाठी पुरुषांनी मुंडू (केरळी धोतर) आणि बायकांनी साडी न्यावी. पुरुषांना आत शर्ट चालत नाही. आणि मुहूर्ताच्या अर्धा तास आधीच मंडपापाशी उभे राहा.