घरबसल्या कारकुनी : खरी कोणती, खोटी कोणती?

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील पालकसभा आटोपली, मंडळी पांगली, तरी एक बाई बाकावर बसूनच राहिल्या. मुलाच्या गणिताविषयी काही विचारावयाचे असेल, असे मला वाटले. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. वर तराजूचे चित्र, खाली कोणा वकिलाची सही आणि मधे मजकूर असा, की आपण करारभंग केला असून चोवीस तासांत दंडाची रक्कम न भरल्यास आपणांस अटक होईल. घरी यांतले कोणालाच ठाऊक नव्हते.

बाईंचा अपराध इतकाच, की मोबाईलवरील एक जाहिरात पाहून त्यांनी घरबसल्या फॉर्म भरण्याचे काम पत्करले. कराराचा कागद मोबाईलवरच आला, सहीही तेथेच झाली. मग मुले निजल्यावर रात्र रात्र जागून त्यांनी अंधुक अक्षरांच्या चित्रांवरून शेकडो फॉर्म भरले. आठवडा संपताच निरोप आला : अचूकता नव्वद टक्क्यांहून कमी, मजुरी नाही, उलट नुकसानभरपाई द्या. चुका मोजणारा तोच आणि दंड घेणाराही तोच! ते फॉर्म कोणाच्याही उपयोगाचे नसतात. त्या धंद्यात विकावयाचा माल एकच, भीती.

त्या भीतीचे मूळ कायद्याच्या अज्ञानात आहे, म्हणून थोडे स्पष्ट सांगते. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे. करारभंग हा दिवाणी स्वरूपाचा वाद. केवळ त्यासाठी पोलीस कोणाला धरून नेत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे, की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते; आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. आणि फसवून मिळविलेली संमती रद्द ठरविण्याचा अधिकार कलम १९ फसलेल्या पक्षाला देते.

मग घरबसल्या काम ही सारी भूलथापच म्हणावी काय? मुळीच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने या क्षेत्रातील कंपन्यांवरील नोंदणीचे व बँक हमीचे बंधन काढून टाकले आणि घरून काम करविणे त्यांना सुलभ झाले. पण माझ्या मते नवशिक्याने दूरच्या कंपनीपेक्षा आधी आपल्याच गावाकडे पाहावे. सनदी लेखापालाला जीएसटीच्या विवरणासाठी बिलांची नोंद करणारे माणूस लागते. घाऊक व्यापाऱ्याला टॅलीमध्ये खतावणी ठेवणारे, दवाखान्याला रुग्णांच्या वेळा नेमून देणारे, गोव्यातील लहान हॉटेलाला आरक्षणाच्या पत्रांना उत्तरे देणारे माणूस हवे असते. आमच्या बेळगावाकडे मराठी आणि कन्नड दोन्ही लिपी बिनचूक टंकलिखित करणाऱ्याची किंमत तर वेगळीच. ही कामे जाहिरातीत फारशी दिसत नाहीत, ओळखीने मिळतात. शिवाय केंद्र सरकारच्या २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर उमेदवाराची नोंदणी विनामूल्य होते. मात्र तेथील जाहिरातदाराचीही चौकशी आपण करावीच.

खऱ्या कामाची एक खूण मला फार भरवशाची वाटते : तेथे तुमची परीक्षा होते. मालक तुमच्याशी बोलतो, नमुना मागतो, वेग पाहतो, कधी नकारही देतो. जेथे काही न विचारता पाच मिनिटांत नेमणूक होते, तेथे कारकून नको असतो, गिऱ्हाईक हवे असते. मग नोंदणी फी, प्रशिक्षण, अनामत अशा नावांनी पैसे मागितले जातात. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात गेला, त्याने मजुरी ठरविली आणि माणसे कामाला लावली. त्याने कोणाकडून अनामत घेतली नव्हती.

कंपनीचे नाव आले, की तिचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळावा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवितात. कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. पण चोर दुसऱ्याच्या घरावरील पाटीही वापरतो! म्हणून जाहिरातीतील क्रमांकावर न विसंबता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील दूरध्वनीवर विचारणा करावी. आधार द्यावयाचे झाल्यास शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत द्यावी. पगार घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. तो पैसे देताना लागतो. आणि "तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, कमिशन घ्या" असे कोणी म्हटले, तर ते चोरीचे पैसे हलविण्याचे काम होय. त्यात खातेदारच आरोपी ठरू शकतो.

त्या बाईंचे सुदैव असे, की त्यांनी दंड भरला नव्हता. पैसे गेलेच असते, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे लागले असते, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधीच ती बँकेत अडविता येते. आम्ही दोघींनी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदविली. संध्याकाळी त्यांनी यजमानांनाही सांगितले. धमकीचे फोन आणखी चार दिवस आले, मग थांबले. आता त्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याची बिले घरी संगणकावर चढवितात. त्याने आधी आठ दिवस त्यांना दुकानात बसवून काम पाहिले होते, आणि त्या आठ दिवसांचे पैसेही दिले होते.