‘नाही’ म्हणजे नेमकं काय नाही? : संगणकाची सिस्टीम बदलताना

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकावर काय बोलणार? तर संगणक दुरुस्त कसा करायचा हे मी सांगणार नाही. ते काम करणारी हुशार मुलं कुडाळात, कणकवलीत, इथे मालवणातही आहेत. मी बोलणार आहे ते एका शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘नाही’.

गेल्या काही महिन्यांत हा शब्द फार ऐकू येतोय. कारण असं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. मशीन बंद पडलं असं नाही, ते चालतंय. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या आपोआप येत नाहीत. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या शाळा, वाचनालयं, पतसंस्था, तारकर्ली-देवबागचे होमस्टे इथली मशीनं बरीच जुनी. शिवाय गणपतीला आलेला चाकरमानी आपला जुना लॅपटॉप गावी ठेवून जातो, तो वेगळाच. मग कोणी लिनक्स टाकतं, कोणी नवं मशीन घेऊन विंडोज ११ वर जातं, कोणाकडे मुलाचं जुनं मॅकबुक येतं. आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, ‘ह्यात ता नाय, ह्यात ह्या नाय.’

आता ‘नाही’ या गोष्टीचा विचार आपल्याकडे जितका बारकाईने झालाय तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल. न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पाठ्यपुस्तकातही त्याचे चार प्रकार दिलेले आहेत. हे चार प्रकार संगणकाला लावून बघितले, तर निम्मी तक्रार आपोआप सुटते. आणि जी उरते, ती खरोखर काळजीची असते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. जमिनीवर घट नाही, असं म्हटलं तर घट हा ‘प्रतियोगी’, म्हणजे जी वस्तू नाही ती. आणि जमीन हा ‘अनुयोगी’, म्हणजे जिथे ती नाही ती जागा. नैयायिक म्हणतात, प्रतियोगीचं ज्ञान नसेल तर अभावाचं ज्ञान होत नाही. ज्याने घट कधी पाहिलाच नाही, त्याला तो नसल्याचं कळणार कसं?

म्हणून उणीव भासते ती नेहमी जुन्या घरातल्या वस्तूची. विंडोजवरून मॅकवर गेलेला माणूस म्हणतो, फाईल कापून दुसरीकडे चिकटवता येत नाही. मॅकवरून विंडोजवर आलेला म्हणतो, फाईलवर नुसता स्पेसबार दाबला की आतलं दिसायचं, ते इथे नाही. लिनक्सवाला म्हणतो, मजकूर नुसता निवडायचा आणि माऊसचं मधलं बटण दाबलं की तो उमटायचा, ते कुठे गेलं? तिघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत. पण एकाची तक्रार दुसऱ्याला कळतच नाही, कारण त्या दुसऱ्याने तो घट पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट ‘योग्य अनुपलब्धी’ची. वस्तू दिसली नाही म्हणजे ती नाही, हे केव्हा म्हणायचं? ती असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही हे ठरत नाही. आधी दिवा लावावा लागतो. संगणकावर दिवा लावणं म्हणजे काय? तर त्या सिस्टीममध्ये त्या गोष्टीला काय म्हणतात ते शोधणं, सेटिंग्ज उघडून बघणं, जाणत्याला विचारणं. एवढं न करता ‘नाही’ म्हणू नये.

आता चार प्रकार.

पहिला, अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. दोन्ही वस्तू आहेत, पण ही ती नाही. मुंबईचा पाहुणा आपल्या बाजारात येऊन सुरमई मागतो आणि समोर इसवण पडलेली असताना ‘नाही वाटतं’ म्हणून निघतो, तसं हे आहे. मासा तोच. विंडोजवर कंट्रोल आणि सी दाबून नक्कल होते, मॅकवर कमांड आणि सी दाबून. मॅकवर फाईल हलवायची तर आधी तिची नक्कल घ्यायची आणि चिकटवताना ऑप्शन, कमांड, व्ही एकदम दाबायचं. म्हणजे विंडोजवर ‘हलवायचं’ हे आधी ठरवायचं, मॅकवर ते शेवटी ठरतं. मॅकवर खिडकीचं लाल बटण दाबलं तरी बऱ्याचदा प्रोग्राम चालूच राहतो, तो बंद करण्याची आज्ञा वेगळी. माझा अंदाज असा की पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या असतात.

पण त्यांना हसू नये. सवय ही डोक्यात कमी आणि हातात जास्त असते. हायडेगरने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलंय. काम सुरळीत चाललेलं असताना हातोडा आपल्याला जाणवतच नाही. तो मोडला, सापडला नाही, की मग तो डोळ्यांसमोर येतो. वल्हं मारणाऱ्याला वल्हं वेगळं दिसत नाही, तसंच. तेव्हा नवी सिस्टीम आली की हाताला वेळ द्यावा लागतो. वीसेक वर्षं एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आपल्याकडच्या कितीतरी मुलांचे, गृहिणींचे, कर्मचाऱ्यांचे हात विंडोजवर तयार झाले. ते चार दिवसांत बदलतील ही अपेक्षाच चुकीची.

दुसरा, अत्यंताभाव. वायूमध्ये रूप नाही. काल नव्हतं, आज नाही, उद्याही नसणार, कारण वायूची जातच तशी. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असतात. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती, म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू झाली. लिनक्समध्ये ही अक्षरंच नाहीत. तिथे एकच मूळ, आणि सगळे फोल्डर त्याच्या फांद्या. पेनड्राइव्ह लावला तरी तो त्याच झाडाला येऊन जोडला जातो. आता ‘डी ड्राइव्ह कुठे गेला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तो हरवलेला नाही, त्या घराची बांधणीच निराळी. इथे शोधत बसू नये. ती बांधणी समजून घ्यावी.

तिसरा, प्रागभाव. वस्त्र विणण्याआधी सुतात जो वस्त्राचा अभाव असतो, तो. याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्त्र विणलं की तो संपला. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मुळातून नव्हता. म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहायची सोय बाहेरून आणून बसवावी लागायची. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीत ती आतच आली. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी ‘अ’ वर चंद्र ठेवून काम भागवत. अशा अभावावर इलाज म्हणजे मागणी करणं, आणि जमलं तर विणकामाला हात लावणं. लिनक्सवरचे बरेच प्रोग्राम मराठीत दिसतात, ते कुणीतरी बसून त्यातला शब्द न शब्द मराठीत आणला म्हणून.

चौथा, प्रध्वंसाभाव. घट होता, फुटला. याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. नवा घट आणता येईल, पण तो फुटलेला परत येत नाही. २०२१ साली विंडोज ११ आलं, तेव्हा खालची पट्टी पडद्याच्या बाजूला किंवा वर नेण्याची जुनी सोय काढून टाकलेली होती. ज्यांना ती हवी होती ते हळहळले. पण ही किरकोळ फूट झाली. मराठी माणसाच्या घरात यापेक्षा मोठा घट फुटतो आहे, आणि आजचं व्याख्यान खरं त्यासाठी आहे.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५. जुन्या काळी देवनागरीला सगळीकडे चालेल असा क्रमांक रूढ नव्हता. ‘इस्की’ नावाचं भारतीय मानक १९९१ साली ठरलं होतं, पण छापखान्यांत, कचेऱ्यांत चालले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट. श्रीलिपी, आकृती अशी नावं तुम्हाला आठवतील. त्यांनी युक्ती केली. क्रमांक इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच ठेवले, फक्त त्या जागी चित्र देवनागरीचं काढलं. पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र इंग्रजी अक्षरं. बरं, कुठल्या क्रमांकावर कुठलं चित्र, हे प्रत्येकाचं निराळं.

त्या मशीनवर तो फॉन्ट होता तोवर सगळं ठीक. सिस्टीम बदलली, फॉन्ट गेला, की त्याच फाईलमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लोक म्हणतात, फाईल बिघडली. फाईल बिघडलेली नाही. ती आतून कधी मराठी नव्हतीच, अंगरखा तेवढा मराठी होता.

या फाईलींत काय आहे ते आठवा. जत्रेच्या पत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, वाचनालयांच्या ग्रंथयाद्या, दशावतारावरचे लेख, कुणाच्या आजोबांची टंकून घेतलेली आठवणींची वही. पंचवीस-तीस वर्षांचा गावाचा लेखी ठेवा. तो फॉन्ट चालवणारं शेवटचं मशीन भंगारात गेलं, फॉन्टचं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही, की वाचायची किल्ली गेली. हा प्रध्वंसाभाव. अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे.

उलट युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. जगात कुठेही, कुठल्याही सिस्टीमवर तो ‘क’च. विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा फॉन्ट ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. लिनक्सवर मंगल नसेल तर दुसरा फॉन्ट येईल, ओळी थोड्या हलतील, पानं कमीजास्त होतील. पण मजकूर मराठीच राहील.

तेव्हा सिस्टीम बदलण्याआधी काय करावं?

जुनं मशीन लगेच पुसू नका. ते चालू असतानाच मराठी फाईली गोळा करा आणि प्रत्येकीचा फॉन्ट कोणता ते कागदावर लिहा. मग त्या त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये न्या. आणि मग माणसाने वाचा, कारण परिवर्तक काही ठिकाणी हमखास अडखळतो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. आपल्या किनाऱ्यावर तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक राहिलाच पाहिजे, नाहीतर समुद्राची दरी व्हायची. सोबत पीडीएफही ठेवा. पण ती म्हणजे पानाचा फोटो समजा. ती बघता येते, पण जुन्या फॉन्टमधली असेल तर तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही.

टंकायची सवय करायचीच असेल तर इनस्क्रिप्टची करा. १९८० च्या दशकात सरकारने ठरवलेली ही मांडणी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबला की ‘ळ’, ‘र’च्या कळीवर दाबला की ‘ऱ’. पंधरा दिवस जड जाईल, पण पुढे घर बदललं तरी हात तोच राहील.

लिनक्स टाकायचं असेल तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. बहुतेक लिनक्स तसे चालतात, आत काही बसवावं लागत नाही. तुमचा प्रिंटर चालतो का, हिशेबाचा प्रोग्राम चालतो का, हे तिथेच कळेल. आणि आठवडाभर एक वही जवळ ठेवा. ‘हे नाही’ असं वाटलं की लिहायचं, आणि पुढे चारांपैकी कुठला अभाव ते मांडायचं. दुसऱ्या नावाने आहे, तर शिकून घ्या. त्या घरात बसतच नाही, तर सोडून द्या. अजून झालेलं नाही, तर मागणी करा.

पण जे फुटेल आणि परत येणार नाही, त्याच्यासाठी मात्र आज संध्याकाळी घरी गेल्यावर ते कपाटातलं जुनं मशीन एकदा चालू करून बघा.