फिलाडेल्फियाचं पत्र : उजळा न दिलेलं सोनं

शाहूपुरीतल्या आमच्या घरी दिवाळीआधी आजी पुतळ्यांची माळ रिठ्याच्या पाण्यात घालून मऊ ब्रशनं घासायची. तेवढ्यानं भागलं नाही की माळ गुजरीतल्या सोनाराकडं उजळ्याला जायची. इथल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका विक्रेत्याला हे सांगितलं, तर त्यानं कपाळालाच हात लावला. अमेरिकेत घासलेल्या नाण्याची किंमत धाडकन उतरते. कडी जोडलेलं नाणं बहुतेक वेळा सोन्याच्या वजनावरच जातं.

मग त्यानं 1907 सालचं वीस डॉलरचं नाणं भिंगाखाली धरलं. वजन पावणेतीन तोळ्यांच्या वर, सोनं शंभरात नव्वद, बाकी तांबं. हाती मशाल घेऊन स्वातंत्र्यदेवी समोरून चालत येते. पुढं आलेला गुडघा, वस्त्राच्या चुण्या, खडकावर टेकलेली पायाची बोटं... एवढ्याशा जागेत मूर्तीच घडवली आहे!

घडवणारा ऑगस्टस सेंट-गॉडन्स मूर्तिकारच होता. आपली नाणी कुरूप आहेत, याची अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मनापासून लाज वाटे. प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा उठाव त्यांना हवा होता, म्हणून काम या मूर्तिकाराकडं आलं. पण त्या उठावासाठी एकेक नाणं दाबयंत्राखाली तीन-तीनदा घालावं लागे, आणि बँकेत त्यांची चळत नीट राहीना. टांकसाळीचा मुख्य कोरक्या चार्ल्स बार्बर पहिल्यापासून विरोधात होता. जेमतेम बारा हजार नाणी पडली, मग त्यानं उठाव चेपला. कर्करोगानं खंगलेला सेंट-गॉडन्स ऑगस्ट 1907 मध्येच गेला. आपलं नाणं चलनात आलेलं त्याला दिसलं नाही. मला याची फार हळहळ वाटते.

आपल्याकडं सुवर्ण नियंत्रण आलं 1963 साली. इथं ते 1933 मध्येच आलं होतं : मंदीत सरकारनं लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं आणि नाणी वितळवली. त्या वर्षी पाडलेल्या वीस डॉलरच्या 4,45,500 नाण्यांतली मोजकीच वाचली. त्यातलं एक 2021 मध्ये 1 कोटी 89 लाख डॉलरना विकलं गेलं. तरी संग्राहकांची दुर्मीळ नाणी सोनं जमा करण्याच्या हुकमातून वगळली होती. एवढ्या ओढगस्तीतही कारागिरीची बूज राखली, हे मला मोठं वाटतं.

आपली पुतळीही मूळ व्हेनिसच्या नाण्यावरून आलेली. आजीच्या माळेतल्या पुतळ्यांवरच्या आकृती आता बोटाला जेमतेम लागतात. यंदाही माळ उजळ्याला टाकायची, असं आई म्हणत होती. काल रात्री फोन करून तिला थांबवलं.