घरालाही श्वास हवा



घर बांधायचे ठरले म्हणजे आपण किती गोष्टींचा विचार करतो! पाया किती खोल, दार कोणत्या दिशेला, वर पत्रे घालावेत की स्लॅब टाकावा. पण या घरात हवा कोठून येणार आणि कोठून जाणार, हे गवंड्याला सहसा कोणी विचारीत नाही. हवा काय, फुकटची, येईलच की! चूक होते ती इथेच.

जुने घर आठवा. कौलारू घर असेल, तर कौलांच्या फटींतून हवा सारखी आत-बाहेर होई. धाब्याचे असेल, तर माळवदात झरोका ठेवलेला असे; कोणी त्याला साणे म्हणत, कोणी सवणे. त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. मग स्लॅब आला. घर गळेनासे झाले, वरून विंचूकाटा पडायची भीती गेली. चांगलेच झाले. पण फटी गेल्या, झरोका गेला, आणि त्यांचे काम पुढे कोणी करायचे हे मात्र ठरले नाही. घर पक्के झाले आणि त्याचा श्वास कोंडला.

हा श्वास चालतो कसा, ते एका साध्या प्रयोगातून कळते. गुरुजी, हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवा. टेबलावर एक लहान मेणबत्ती लावा आणि तिच्यावर दिव्याची उंच काच उभी ठेवा. काच टेबलाला घट्ट टेकली, की वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावते आणि बहुधा विझते. आता काच दोन पेन्सिलींवर ठेवा. खाली फट राहिली, की ज्योत सरळ आणि स्वच्छ जळते. शेवटी वरच्या तोंडावर पत्र्याचे झाकण ठेवा. खालची फट तशीच असली, तरी ज्योत पुन्हा गुदमरते. म्हणजे एक वाट पुरत नाही. गार हवा आत यायला खाली एक वाट हवी आणि तापलेली हवा बाहेर पडायला वर दुसरी हवी. गरम हवा हलकी होऊन वर चढते. तिला वाट मिळाली, की तीच खालून ताजी हवा ओढून घेते. याला वीज लागत नाही की पैसा लागत नाही.

आता स्वयंपाकघरात चला. लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या जाळल्या, की धुराबरोबर अतिशय बारीक कण उडतात. ते इतके बारीक असतात, की थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी अशा कणांची मर्यादा ठरलेली आहे: चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सांगितलेली मर्यादा तर 15 च आहे. चुलीच्या कोंदट खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या जवळ खेळणारी लेकरे पुष्कळ.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी गॅस आला. खरे आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेडोपाडी पोचले. पण अंघोळीचे पाणी कशावर तापते? भाकरी कशावर होते? सिलिंडर संपला, की पुन्हा चूलच ना? तेव्हा चूल आहे तोवर तिच्या धुराची वाट हवीच. ही गोष्ट नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चाले, तेथे धुराडे असलेली मगन चूल तयार झाली होती. पुढे 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही काढला. अनुभव असा आला, की चूल बसवली म्हणजे काम संपत नाही. धुराडे काजळीने तुंबले, की धूर पुन्हा घरातच. म्हणून धुराडे छपराच्या वर न्या, त्यावर पावसासाठी टोपी ठेवा आणि काजळी नेमाने झाडा. धुराडे नसेल, तर चुलीच्या वर, छताला लागून, हातभर लांब झरोका पाडा आणि समोरच्या बाजूला खालून हवा येऊ द्या. जळण वाळलेले वापरा. ओले लाकूड आपल्या धगीचा काही भाग पाणी उडवण्यातच घालवते, आणि धूरही अधिक करते.

एक धोक्याची सूचना मात्र ठळक ध्यानात ठेवा. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असे समजू नका. थंडीत पेटत्या कोळशांची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून निजणे म्हणजे मरणाला उशाशी घेणे. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात लावला, तर हाच प्रकार घडतो. शेगडी अंगणात, आणि गीझर न्हाणीच्या बाहेर, हा नियम कधी मोडू नका.

आता शाळा. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच वर्ग घ्या. त्यात मावते चार हजार घनफूट, म्हणजे सुमारे 1,13,000 लिटर हवा. एक मूल तासाला ढोबळ मानाने 12 लिटर कर्बवायू बाहेर सोडते. चाळीस मुले 480 लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत चारशेहून थोडा अधिक असतो. मॅक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1858 साली सांगितले, की तो हजारावर गेला म्हणजे खोलीची हवा शिळी झाली असे समजावे. खोली कडेकोट बंद असेल, तर हा हजाराचा टप्पा किती वेळात येईल? मुलांकडून गणित करून घ्या: जेमतेम आठ-नऊ मिनिटांत! मग चौथ्या तासाला मुले पेंगतात, आणि आपण म्हणतो, पोरांचे लक्ष नाही. शिवाय एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. क्षयाचे जंतू शिळ्या हवेत तरंगत राहतात. 2020 च्या करोनानेही हाच धडा शिकवला.

उपाय काय? समोरासमोर दोन खिडक्या. प्रत्येकी एक चौरस मीटर उघडी असेल आणि वारा ताशी दोनच किलोमीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या निम्म्या वेगाने वाहत असेल, तरी वर्गातली हवा तासाभरात दहा वेळा बदलते. छताचा पंखा एवढे करू शकत नाही. तो आतलीच हवा घुसळतो. नवी आणीत नाही. आणि खिडकीच्या वरची झडप वर्तमानपत्र चिकटवून बंद केली असेल, तर आजच काढा. वर चढलेल्या गरम हवेची ती वाट आहे.

“पण थंडीत खिडकी उघडली तर ऊब जाईल,” असे कोणी म्हणेल. फारशी जात नाही. खोलीतली हवा भरते जेमतेम सव्वाशे-दीडशे किलो. भिंती आणि फरशी भरतात कित्येक टन. ऊब साठते ती भिंतींत. पाच-दहा मिनिटे खिडक्या उघडून हवा पालटली आणि पुन्हा लावल्या, तर भिंती खोलीला लगेच ऊब परत देतात. उन्हाळ्यात याच्या उलट करा. रात्री आणि पहाटे सारे उघडे ठेवून भिंती गार होऊ द्या; दुपारी झळा वाहू लागल्या, की उन्हाकडच्या खिडक्या लावा आणि सावलीकडची थोडी उघडी ठेवा. डासांसाठी जाळी जरूर लावा, पण ती धुळीने भरली की धुवा. नाही तर ती जाळी न राहता भिंत होते.

तेव्हा आज संध्याकाळी एवढे करा. एक उदबत्ती पेटवा आणि तिचा धूर कोणत्या वाटेने जातो ते प्रत्येक खोलीत पाहा. धूर एका बाजूला कलून बाहेर पडला, तर तुमचे घर श्वास घेते आहे. जागच्या जागी घुटमळला, तर दुसरी वाट कोठे काढता येईल ते घरच्या बाईला विचारा. धूर कोठे साचतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.