भाषा, संस्कृती आणि धर्म : काय वाचावे, कसे वाचावे?

ग्रहण कसे लागते असे विचारले असता सामान्य माणूस ज्योतिर्विदाकडे बोट दाखवितो. धरणाची भिंत किती जाड असावी हा प्रश्न आपण निमूटपणे स्थापत्यविशारदावर सोपवितो. परंतु शुद्ध मराठी कोणते, आपली संस्कृती कशात आहे, अमुक एक गोष्ट धर्माला मान्य आहे की नाही, असे प्रश्न निघाले म्हणजे उत्तर देण्यास कोणीच मागे सरत नाही. भाषा आपण आईच्या मांडीवर शिकलो, सणवार घरात पाहिले, देव्हाऱ्यापुढे हात जोडावयास आजीने शिकविले. तेव्हा ह्या तिन्ही विषयांचे ज्ञान आपणांस जन्मतःच लाभले आहे, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. परिणाम असा होतो की, ह्या विषयांवरील ग्रंथ कपाटात तसेच राहतात, आणि त्यांत ज्यांचा विचार शांतपणे झालेला आहे त्याच प्रश्नांवरून आपण घरात, सभेत आणि रस्त्यावर हमरीतुमरीवर येतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे वाचन अधिकच निकडीचे आहे. पुण्यासाताऱ्याच्या मुलाला पुष्कळशा गोष्टी भोवतालच शिकवितो. आषाढात पालखी दारावरून जाते, बाजारात चार बोली कानांवर पडतात. कलकत्त्यास वा दिल्लीस वाढणाऱ्या मुलास ही सोय नाही. घरात मराठी बोलावयाचे, शाळेत दुसरी भाषा, आणि वर्षातून दहा दिवस मंडळाचा गणपती, एवढ्यावरच त्याची मराठी संस्कृती उभी असते. तिसऱ्या पिढीत बोलणे उरते, वाचणे संपते. आणि वाचणे संपले म्हणजे बोलणेही फार काळ टिकत नाही. बदलीच्या नोकरीत निरनिराळ्या प्रांतांत राहिलेल्या माणसांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी भोवतालाचे काम ग्रंथालयाला करावे लागते.

पण ग्रंथालयात गेल्यावर पहिली अडचण येते ती वर्गीकरणाची. मेल्व्हिल ड्यूई ह्यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात धर्माला २००, भाषेला ४०० आणि चालीरीती व लोकसाहित्य ह्यांना ३९० असे अंक मिळाले आहेत. ही पद्धत मानणाऱ्या ग्रंथालयांत आपला विषय तीन निरनिराळ्या कपाटांत विखुरलेला सापडतो. पुस्तके लावण्यासाठी ही व्यवस्था ठीकच आहे. पण वाचकाने मात्र एका कपाटापाशी थांबता कामा नये. ह्या तीन विषयांपैकी कोणताही एक दुसऱ्या दोघांवाचून नीट कळत नाही.

आरंभ भाषेपासून करावा, आणि तोही कोशापासून. कोश हा केवळ अडलेला शब्द पाहण्यासाठी असतो, ही समजूत सोडून द्यावी. जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांनी जॉर्ज आणि टॉमस कँडी ह्या बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती आली. तो सावकाश चाळून पाहावा. शब्दाचा अर्थ देता देता कोशकार म्हणी देतो, मुलांचे खेळ सांगतो, लग्नातील विधी समजावतो, शेतकऱ्याच्या अवजारांची नावे नोंदवितो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी जीवनाचा असा साठा एकत्र क्वचितच सापडेल. परदेशी माणसाला जे जे विचारावे लागले ते ते त्याने लिहून ठेवले; आपणांस ते विचारावेसेच वाटले नसते. हा कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही पाहावयास मिळतो.

त्यानंतर ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड पाहावा. १९०५ साली प्रसिद्ध झालेला हा खंड मराठीला वाहिलेला आहे. बायबलातील एक बाप व त्याचे दोन मुलगे ह्यांची गोष्ट निरनिराळ्या भागांतील लोकांकडून आपापल्या बोलीत सांगवून घेऊन ती तेथे छापली आहे. कोकणातला बाप, वऱ्हाडातला बाप, बस्तरकडील हलबी बोलणारा बाप, सारे तीच गोष्ट सांगत आहेत आणि प्रत्येकाची क्रियापदे निराळी आहेत. हे नमुने मोठ्याने वाचावेत. मराठी ही एकाच साच्यातून निघालेली वस्तू नव्हे, ही गोष्ट जी दहा व्याख्यानांनी पटत नाही ती ह्या दहा नमुन्यांनी पटते.

मात्र येथेच वाचनाचा पहिला नियम ध्यानात धरावा : पुस्तकाचे साल आधी पाहावे. ह्याच खंडात कोंकणीची गणना मराठीच्या बोलींत केलेली आहे. पुढे सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी १९४२ साली कोंकणीच्या घडणीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्याने केवळ १९०५ चे पुस्तक वाचले तो एका बाजूने भांडेल. ज्याने केवळ १९९२ ची बातमी वाचली तो दुसऱ्या बाजूने. दोन्ही वाचणाऱ्यास कळेल की भाषा आणि बोली ह्यांमधील रेषा व्याकरण एकट्याने आखीत नाही. बोलणाऱ्यांचा इतिहास आणि त्यांची इच्छा ह्यांचाही तीत वाटा असतो. हा विचार अधिक खोलात जाऊन समजावून घ्यावयाचा असेल, तर ना. गो. कालेलकर ह्यांची ‘भाषा आणि संस्कृती’ व ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही दोन पुस्तके पुरेशी आहेत. भाषाशास्त्रासारखा रूक्ष समजला जाणारा विषय इतक्या स्वच्छ मराठीत मांडता येतो, हे पाहण्यासाठीही ती वाचावीत.

भाषेकडून संस्कृतीकडे जाण्यास फार चालावे लागत नाही. ह्या दालनात दोन प्रकारची पुस्तके आहेत. पहिला प्रकार संदर्भग्रंथांचा. पंडित महादेवशास्त्री जोशी ह्यांनी संपादिलेला ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांचा असून त्याचा पहिला खंड १९६२ साली निघाला. तो सलग वाचावयाचा ग्रंथ नव्हे. घरात एखादा सण आला, प्रवासात एखादे तीर्थ लागले, शेजारच्या तमिळ वा बंगाली कुटुंबात एखादे व्रत पाहिले, की त्या दिवशी तेवढी नोंद वाचावी. वर्षभरात शंभर नोंदी सहज होतात. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध होऊ लागलेला ‘मराठी विश्वकोश’ तर आता घरबसल्या संगणकावर विनामूल्य मिळतो. परगावच्या वाचकाला ह्याहून मोठी सोय नाही.

दुसरा प्रकार चिंतनाचा. इरावती कर्वे ह्यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’ हे १९५१ सालचे पुस्तक आणि त्यांच्या ‘परिपूर्ती’ ह्या संग्रहातील पंढरीच्या वाटेवरचा लेख ही दोन्ही जोडीने वाचावीत. पहिल्यात मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बोलतात. दुसऱ्यात दिंडीबरोबर पायी चालणारी एक बाई बोलते. तिला वाटेवरचा आनंद दिसतो, आणि एकाच देवाचे नाव घेत चालणारे लोक जेवणाच्या वेळी जातवार वेगळे बसतात हेही दिसते. त्यातले एक सांगण्यासाठी ती दुसरे लपवीत नाही. संस्कृतीविषयी लिहिणाऱ्याची परीक्षा येथे होते. जे पुस्तक आपल्या समाजाची केवळ स्तुती करते ते आणि जे केवळ निंदा करते ते, दोन्ही लवकर जुनी होतात.

आता तिसरे दालन धर्माचे. येथे पाऊल जपून टाकावे लागते. ह्या दालनासाठी वाचनाचा दुसरा नियम सांगतो : एकाच विषयावरचे एकच पुस्तक वाचून थांबू नये; निदान दोन वाचावीत, आणि ती एकमेकांहून भिन्न असावीत.

गीतेचेच उदाहरण घ्या. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले आणि ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. विनोबांनी ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सांगितली, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. दोन्ही ग्रंथ मराठी, दोन्ही तुरुंगातले. पण एकाने पूर्वीच्या आचार्यांशी वाद घालीत कर्मयोगाची बाजू पुराव्यानिशी मांडली आहे. दुसऱ्याने वाद बाजूस ठेवून बंदिवानांना समजेल अशा दृष्टान्तांनी मन उघडे केले आहे. दोन्ही वाचणारा वाचक ‘गीतेचा एकच अर्थ’ असे म्हणण्याची घाई करणार नाही.

बुद्धचरित्राचेही तसेच. धर्मानंद कोसंबी गोव्यातील एका खेड्यात वाढले. ‘बालबोध’ ह्या मुलांच्या मासिकातील बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला, आणि त्या ओढीने ते घर सोडून निघाले ते सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत पोहोचले. ही कथा त्यांनी ‘निवेदन’ ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ पाली साधनांवर उभा आहे. त्याच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ठेवावा. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरागत कथा दोघांनीही चिकित्सेने बाजूस सारली आहे. परंतु कोसंबींचे लक्ष जुन्या पोथ्यांतून ऐतिहासिक बुद्ध शोधण्याकडे आहे. आंबेडकरांपुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेला आणि त्यानंतर येणारा समाज उभा आहे. एक शोधासाठी लिहितो, दुसरा जगण्यासाठी. हा फरक कळला म्हणजे धर्मग्रंथ आणि धर्माचा इतिहास ह्यांतला फरकही कळतो.

पंढरीच्या विठ्ठलाविषयीही ग. ह. खरे ह्यांचे ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ आणि रा. चिं. ढेरे ह्यांचे १९८४ चे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ ही लागोपाठ वाचावीत. गवळी-धनगरांच्या देवाचे रूप वैष्णव परंपरेत कसे मिसळत गेले, आणि त्या शोधात आंध्र-कर्नाटकाकडे का पाहावे लागते, हे ढेऱ्यांनी दाखविले आहे. पुष्कळ भाविकांना असे वाचन नको वाटते. चिकित्सेने श्रद्धा उणावेल अशी त्यांना भीती असते. पण ज्या देवाने इतक्या जातीजमातींना आणि भाषांना आपल्यात सामावून घेतले तो संशोधकाच्या दोन प्रश्नांनी लहान होईल, असे मानण्याचे कारण नाही.

परधर्माविषयीचे वाचन तर आपण बहुधा करीतच नाही. ते मराठीत नाही अशी सबब मात्र कोणी सांगू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यास आलेले जेझुइट धर्मोपदेशक. त्यांनी बायबलातील कथा मराठी ओवीत रचिली. तो ‘ख्रिस्तपुराण’ ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने तो देवनागरीत आला. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. सेतुमाधवराव पगडी ह्यांचा ‘सूफी संप्रदाय’ आहे, साने गुरुजींची ‘इस्लामी संस्कृती’ आहे. ही पुस्तके चाळली तरी मराठी ही एकाच धर्माची भाषा कधीच नव्हती, हे दिसून येते. उलट मराठी धर्मविचारही एका प्रांतात कोंडून राहिला नाही. नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. महानुभाव पंथ पंजाबात जयकृष्णी नावाने पोहोचला, आणि त्याबरोबर मराठी पोथ्याही गेल्या. अमृतसर वा लुधियाना येथे राहणाऱ्या मराठी श्रोत्याने आपण परक्या मुलखात आहो असे म्हणण्यापूर्वी हे जरूर वाचावे.

ही पुस्तके मिळावयाची कोठे? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेली ग्रंथालये ह्यांस प्रकाशकाने द्यावयाची असते. तेव्हा ह्या चार शहरांतील वाचकास मराठी पुस्तके मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या वेळची मराठी हस्तलिखिते आहेत. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास ग्रंथालयांचे जाळे विणले; तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मराठीचा संग्रह आहे. इतर गावी महाराष्ट्र मंडळाचे कपाट असते. त्याची किल्ली कोणाकडे आहे ह्याची चौकशी करावी. पुस्तकाची मागणी लेखी नोंदवावी. जे मागितले जात नाही ते कोणतेही ग्रंथालय फार दिवस जपून ठेवीत नाही.

सर्व काही एकदम वाचण्याचा संकल्प करू नये. तो पुरा होत नाही. एका वर्षासाठी एकच विषय घ्यावा. एक भाषेचे, एक संस्कृतीचे, दोन धर्माची, अशी चार पुस्तके वर्षाला पुरेत. जवळ एक वही असावी. तीत पुस्तकाचे साल, लेखकाचा मुख्य मुद्दा आणि आपणांस न पटलेली एक गोष्ट एवढेच टिपावे. घरातील मुलांना आठवड्यातून एकदा अर्धी घटका मोठ्याने वाचून दाखवावे. अर्थ न कळला तरी कानांना वळण लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला; त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत ह्या भाषांचाही समावेश होता. आपणां सर्वांना त्याचा आनंद झाला. पण दर्जा सरकार देऊ शकते. वाचक मात्र सरकारला देता येत नाही. तो घराघरांतूनच यावा लागतो. पुढच्या वेळी भाषेवरून अथवा धर्मावरून आपल्या बैठकीत वाद रंगेल, तेव्हा आवाज चढविण्यापूर्वी ‘ह्यावर आपण काय वाचले आहे?’ एवढे स्वतःला विचारावे. उत्तर देता आले नाही, तर ग्रंथालयाची वेळ कोणती ह्याची चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी करावी.