खोलीतले कोवळे ऊन

कपाशीचे फूल दोन दिवसांचे पाहुणे. सकाळी उमलते तेव्हा ते दुधाळ, किंचित पिवळसर असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, मग सुकते आणि मागे बोंड धरते. पाकळ्यांत तयार होणाऱ्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे हा बदल घडतो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला हे फूल नवे नाही. एके काळी गावाची ओळखच कापड गिरणीमुळे होती.

या फुलाचा चांगला फोटो काढायचा तर हंगाम आडवा येतो. कपाशी फुलावर येते तेव्हा पावसाळा असतो. आभाळ भरलेले, प्रकाश निळसर आणि वाऱ्याने फूल सतत हलते. ते घरात आणून ट्यूबलाइटखाली ठेवले, तर दुधाळ पाकळी फोटोत कळाहीन दिसते. अशा वेळी खोलीतच कोवळे ऊन तयार करावे लागते. त्यासाठी आधी खरे कोवळे ऊन कसे असते ते पाहू.

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या तुलनेने पातळ थरातून येतात. क्षितिजावर असताना त्यांना जवळपास 38 पट हवा ओलांडावी लागते. वाटेत हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा अधिक पोहोचतो. लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये या विखुरण्याचे गणित मांडले. विखुरलेला निळा प्रकाश मात्र नाहीसा होत नाही, तो आकाशभर पसरतो. म्हणून सकाळच्या उन्हात वस्तूची उजळ बाजू सोनेरी दिसते आणि सावलीत हलकी निळसर झाक असते. कोवळ्या उन्हाची गंमत या जोडीत आहे. सगळेच पिवळे केले की फोटो उन्हातला न वाटता हळद सांडल्यासारखा दिसतो.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. मेणबत्ती सुमारे 1900, जुना तारेचा बल्ब 2700 ते 2800, दुपारचे ऊन साधारण 5500 आणि ढगाळ आकाश 6500 किंवा त्याहून जास्त. आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. कोवळ्या उन्हासाठी 2700 ते 3000 केल्व्हिनचा, ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला दिवा घ्यावा.

खोक्यावर आणखी एक आकडा पाहावा, तो म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे तो सांगतो. उन्हात सगळे रंग असतात. पांढरा एलईडी मात्र बहुधा निळ्या एलईडीवर पिवळ्या रसायनाचा थर देऊन बनवलेला असतो, त्यामुळे स्वस्त दिव्यात गडद लाल कमी पडतो. कपाशीच्याच कुळातली लाल जास्वंद अशा दिव्याखाली विटकरी दिसते. सीआरआय 90 च्या वर असेल तर हा दोष बराच कमी होतो.

आता मांडणी. दिवा फुलाच्या एका बाजूला आणि थोडाच वर ठेवावा, कारण सकाळचा सूर्य डोक्यावर नसतो. तिरप्या प्रकाशात पाकळीच्या शिरा आणि सुरकुत्या उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की त्या सपाट होतात. दिव्यापुढे बटर पेपर किंवा पांढरे पातळ कापड धरले की सावलीची कड मऊ होते. कागद किंवा कापड तापत्या दिव्याला टेकू देऊ नये.

दिवा फुलाला फार चिकटवू नये. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो. त्यामुळे अगदी जवळच्या दिव्याने पुढची पाकळी पांढरीफटक आणि मागची काळोखी येते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर असल्याने उन्हात असे होत नाही. दोन-तीन फुटांचे अंतर पुरते. खोलीतली ट्यूब बंद करावी, पण दुसऱ्या बाजूला खिडकी असेल तर ती उघडी ठेवावी. ढगाळ आभाळाचा मंद निळसर प्रकाश सावलीत शिरतो आणि सकाळची ती जोडी जुळून येते. खिडकी नसेल तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. सावली निळसर होणार नाही, पण उजळेल.

एवढे करूनही फोटो पांढुरका येऊ शकतो. मोबाइल पिवळसरपणाला दोष समजतो आणि आपोआप पुसून टाकतो. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवावा. वरच्या दिव्यासाठी 4000 च्या आसपास ठेवला की हलकी सोनेरी छटा उरते. 5500 ठेवला तर सगळे नारिंगी होते.

इथे एक सावधगिरी हवी. असा फोटो भिंतीवर लावायला छान, पण पिकाचा सल्ला घ्यायला नाही. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या फुलात शिरली की पाकळ्या धाग्यांनी बांधल्या जातात आणि फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. ती वेळेत ओळखून अळीसकट नष्ट करावी लागते. फूल आजचे की कालचे, पानावरची लाली खरी की दिव्याची, हे पिवळ्या प्रकाशात नीट कळत नाही. म्हणून तज्ज्ञाला पाठवायचा फोटो दिवसा, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून काढावा. कागद पांढरा दिसला तर बाकीच्या रंगांवर विश्वास ठेवता येतो.

फोटो झाल्यावर दिवा अडगळीत टाकू नये. डोळ्याच्या पडद्यावरील काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि त्यामुळे झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. रात्रीच्या जेवणानंतर पांढऱ्या ट्यूबऐवजी हाच पिवळसर दिवा मंद लावलेला बरा.