एकाच पगारावर घर : कात्री आधी कुठे लावावी?

घरातील दोन पगारांपैकी एक थांबला की काटकसरीची सुरुवात बहुधा भाजी, दूध आणि वर्तमानपत्रापासून होते. खरा भार मात्र गृहकर्जाच्या हप्त्याचा असतो. दाम्पत्याचे पगार ६० हजार आणि ४० हजार रुपये असतील व हप्ता ३५ हजारांचा असेल, तर तो उत्पन्नाच्या ३५ टक्के भरतो. ४० हजारांचा पगार बंद होताच तोच हप्ता ५८ टक्क्यांवर जातो. किराणा कितीही आवरला तरी ही तफावत भरून निघत नाही.

कर्ज संयुक्त असल्यास नोकरी सुटलेल्या जोडीदाराची जबाबदारी संपत नाही. हप्ता चुकल्याची नोंद दोघांच्याही क्रेडिट अहवालात होते. थकबाकी ९० दिवसांपेक्षा अधिक काळ राहिल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते अनुत्पादक ठरते. त्यामुळे पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेकडे मुदतवाढीची विनंती करणे हिताचे. बँक ती मान्य करेलच असे नाही, परंतु थकबाकीदाराची बाजू त्याहून कमकुवत असते. मुदत वाढली की हप्ता घटतो, एकूण व्याज मात्र वाढते.

दुसरी बाब सहसा रुग्णालयाच्या दारातच लक्षात येते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा सामान्यतः नोकरीबरोबरच संपतो आणि त्यात अनेकदा जोडीदार व मुलांचेही संरक्षण असते. कमावत्या जोडीदाराच्या कंपनीत कुटुंबाची नावे नोंदवता येतात का, हे त्याच आठवड्यात विचारावे. भविष्य निर्वाह निधीला हात शेवटी लावावा. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र असते.